सूपभर कोंड्याचे पोर

ती हकीकत आठवली की अजून माझी मान खाली जाते. पोलिसात उभी हयात गेली. चोर पाहिले, खुनी पाहिले, देवाचा मुखवटा वितळवून विकणारा पुजारीही पाहिला. त्यांच्यापैकी कोणाची लाज मला वाहावी लागली नाही. त्यांनी केले, त्यांनी भोगले. या प्रकरणात ना खून होता ना दरोडा. एका बाईला आपल्या पोरासाठी नवऱ्याकडून अन्नवस्त्र हवे होते, एवढेच. पण त्या दिवशी प्रांतसाहेबांच्या तंबूत जे घडले त्याची लाज तिथल्या सगळ्यांना पुरून उरली, आणि माझ्या वाट्याची अजून संपलेली नाही.

नावे कोणाचीच देत नाही. त्यातली काही माणसे हयात आहेत, काहींची नातवंडे आहेत. मुलाचे नाव तेवढे देतो, कारण ते मुळात नाव म्हणून ठेवलेलेच नव्हते. त्याला सगळे केरू म्हणत.

मी तेव्हा कल्याणला फौजदार होतो. ठाण्यावरची सकाळ ठरलेली असे. हजेरी व्हायची, गस्तीवरून परतलेले शिपाई काय पाहिले ते सांगायचे, कोठडीतल्यांना भाकरी जायची, आणि मग खेड्यापाड्यांतले पोलीस पाटील येऊन ओसरीवर टेकायचे. पाटलाची एक रीत असते. आधी पान, मग पीकपाणी, मग कोणाची गाय व्याली ते, आणि उठता उठता, जणू आत्ताच आठवले असे दाखवून, ज्यासाठी आला ते. त्या दिवशी डोंबिवली आणि ठाकुर्लीच्या खाली, खाडीकाठी असलेल्या एका मिठागराच्या गावचा पाटील आला आणि पानाला हातही न लावता बोलू लागला. तिथेच मला संशयाचा वास आला.

"रावसाहेब, आमच्या गावात एका बाईनं पोर इकत घेतलंय."

"कोणाकडून?"

"गावातल्याच एका म्हातारीकडनं."

"म्हातारीकडे पोर कुठून आले?"

पाटलाने पागोटे सारखे केले. "त्ये आता आपण हुडकायचं."

हवालदार नवा होता आणि कागदाला कागद जोडण्यात पटाईत. त्याने लगेच दौत पुढे ओढली. मला मात्र हसू आले, कारण 'विकत घेतलेले पोर' म्हणजे काय हे मला कोणी सांगायला नको होते. आमच्या बाजूला ज्या बाईची मुले जगत नाहीत तिला पुढचे मूल झाले की ते सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवतात. शेजारची एखादी बाई ते उचलते, आणि आई सूपभर कोंडा देऊन तिच्याकडून ते विकत घेते. म्हणजे मूल आपले नव्हे, केरातले, कोंड्याच्या मोलाचे. त्याच्यावर कोणी डोळा ठेवू नये. नावही तसेच ठेवायचे, केरू, दगडू, उकिरडा. नाक टोचून त्यात बाळी घालायची. आणि ती बाळी निघेपर्यंत, म्हणजे पोरगा मोठा होऊन हाताशी येईपर्यंत, आईबापांनी त्याला 'माझा' म्हणायचे नाही. कोणी विचारले तर सांगायचे, घेतलेला आहे. तोंडातून 'माझा' निघाले की ज्याच्यापासून पोर लपवले त्याने ते ऐकले, असे समजतात.

माझ्या उजव्या नाकपुडीला भोक आहे. मीही सुपातलाच. पोलिसात भरती झालो तेव्हा बाळी काढली, भोक तेवढे राहिले. शिपाई मंडळी माझ्या पाठीमागे मला 'नथवाले फौजदार' म्हणत, आणि मला ते ठाऊक नाही असे त्यांना वाटे.

"पाटील," मी म्हणालो, "ही रीत तुम्हाला ठाऊक नाही?"

"ठाव हाय की. पर गाव म्हणतंय घेतलं, म्हनून मी म्हनतो घेतलं. मी पदरचं काय सांगितलं?"

"आणि हे कळवायला तुम्हाला कोणी पाठवले?"

आता मात्र पाटलाने पानाचा डबा जवळ ओढला. खोदून विचारल्यावर निघाले ते असे: त्या बाईचा नवरा हा पाटलाचा सख्खा भाचा. खबर खरी की खोटी हे मागाहून पाहावे, आधी ती कोणाला हवी आहे ते पाहावे, असे मी नव्या शिपायांना नेहमी सांगत असे.

खबर मी तिथल्या तिथे उडवून लावली असती. पण त्याच दुपारी प्रांतसाहेबांच्या मुक्कामावरून हुकूम आला. त्या बाईने साहेबांच्या कोर्टात अन्नवस्त्राचा अर्ज केला होता. नवऱ्याने उत्तर दिले होते की मूल माझे नव्हे, विकत घेतलेले आहे, गावाला विचारा. तेव्हा पोलिसांनी तपास करावा, आणि मूल पळवून आणलेले आढळल्यास ते बाईकडून काढून घ्यावे. आता गोष्ट थट्टेची राहिली नव्हती.

ती बाई त्या कोर्टापर्यंत कशी पोहोचली हे ऐकण्यासारखे आहे. नवरा रेल्वेत आगवाला, म्हणजे इंजिनात कोळसा घालणारा. पगार बरा, तोही नेमाने मिळणारा. त्याने कल्याणात दुसरी बायको केली आणि गावाकडे फिरकणे सोडले. बाई आधी जातीच्या पंचांकडे गेली. पंच म्हणाले, तो रेल्वेचा माणूस, आमच्या दंडाला कुठला भितो? थोडी कळ काढ. कळ काढून झाल्यावर ती मामलेदार कचेरीच्या पायरीवर जाऊन बसली. तिथला कारकून म्हणाला, इथे शेतसाऱ्याचे काम चालते, नवऱ्याचे नाही. शेवटी बाजारात भाजी विकणाऱ्या एका बाईने तिला सांगितले की सरकारचा असा कायदा आहे. बाप पोराला पोसत नसेल तर पहिल्या वर्गाचा मॅजिस्ट्रेट, म्हणजे आमच्याकडे प्रांतसाहेब, त्याच्या कमाईतून दरमहा नेमणूक, म्हणजे ठरावीक रक्कम, बांधून देतो. मग लग्न असो वा नसो, पोर त्याचे असले की झाले. मग कचेरीपुढच्या पिंपळाखाली बसणाऱ्या अर्जनवीसाने तिचा अर्ज लिहिला. अर्ज काही अवघड नसतो. पोर लहान आहे, ते याचे आहे, याची ऐपत आहे आणि हा देत नाही, एवढेच सांगायचे असते. अर्ज दाखल झाला, कारकुनाने तिला शपथ दिली आणि अर्ज वाचून दाखवत विचारले, "केरू हा तुझा मुलगा?"

बाई गप्प. पुन्हा विचारले. बाई म्हणाली, "घेतलेला हाय."

नवऱ्याने हे ऐकले मात्र, आणि त्याला आयतेच फावले.

दुसऱ्या दिवशी मी हवालदाराला घेऊन गावात गेलो. खाजणातल्या दलदलीतून बांध तुडवत जावे लागले. ज्या म्हातारीने पोर विकले ती कोंबड्यांना दाणे टाकत होती. गावची सुईणही तीच.

"आजी, ते पोर तुम्ही विकलेत?"

"इकलं."

"काय घेतलेत?"

"सूपभर कोंडा. या रांडांनी खाल्ला," ती कोंबड्यांकडे हात करून म्हणाली.

हवालदार लिहीत होता. त्याने 'कोंबड्यांनी' असे लिहिले.

"तुम्हाला ते कुठे मिळाले?"

"उकिरड्यावर."

"आणि उकिरड्यावर कोणी ठेवले?"

म्हातारीने हवालदाराकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि तिची नजर माझ्या नाकावर येऊन थांबली.

"बाबा, तुमच्या आयशीनं तुमाला कितीला घेतलं?"

हवालदाराची लेखणी थांबली. मी म्हणालो, "तेवढ्यालाच."

"मग मना कशाला इचारता?"

मी तिला समजावले की बाळंतपण तिने केले असेल तर तेवढे साहेबांपुढे सांगावे, बाईचे काम होईल. तिने दोन्ही हात कानांना लावले. "या गावातली समदी पोरं माज्या हातावर पडली. पर या पोराचं मना इचारू नका. मी बोलले आन उद्या त्याला काय झालं, तर त्या पोरीला मी कंचं तोंड दाखवू?"

पोराची आई मिठाच्या टोपल्या वाहत होती. मिठाने खाल्लेले तिचे पाय पांढरट पडून चिरले होते. केरू बांधाच्या कडेला फडक्याच्या सावलीत बसून माती चिवडत होता. हाडकुळा, पण डोळे तरतरीत. नाकात तांब्याची बाळी.

"अर्ज तू केलास ना, बाई?"

"केला."

"तुझ्यासाठी की पोरासाठी?"

"पोरासाठी. मना नको. मी मीठ वाहतंय, माजं पोट मी भरीन. पावसात आगर बंद पडतं, तवा त्याला काय घालू? मागल्या पावसात कसलं कसलं कंद उकडून घातलं, तर पोट फुगून गेलं त्याचं. वाचला तो नशिबानं."

"मग साहेबांपुढे एकदाच सांग, पोर माझे आणि याचे आहे म्हणून. तुझे काम झालेच."

तिने टोपली खाली ठेवली. "दोन गेली, साहेब. त्या दोघांना मी माजं माजं म्हनायची."

तरी नोकरी नोकरीच. मी म्हणालो, "तू सांगितले नाहीस तर साहेब पोर तुझ्याकडे ठेवणार नाहीत. चोरीचे समजून पाद्र्यांच्या अनाथाश्रमात पाठवतील."

ती धावत जाऊन पोराला उचलून आली. "म्हंजी बोललं तरी जानार, नाय बोललं तरी जानार."

मी फौजदाराचा पोशाख सावरला आणि हवालदाराला घेऊन बांधावरून परत फिरलो.

नवऱ्याला मी कल्याणच्या इंजिनांच्या शेडात गाठले. तेल लावून चापून बसवलेले केस, गळ्यात रुमाल. बोलणे अदबीचे. खोटे बोलणारा माणूस ओळखायला अवघड नसतो; तो जरुरीपेक्षा जास्त सांगतो. हा जरुरीपुरतेच बोलत होता, आणि त्याचा एकेक शब्द खरा होता.

"लग्न झालं होतं तुझं?"

"झालेलं. मी नाही कुठं म्हणतो? तिला नांदायचं तर येऊ दे, दोघींना सांभाळतो. पण परक्याचं पोर का पोसू?"

"परक्याचे कशावरून?"

"मी सांगून काय उपयोग? आख्ख्या गावाला विचारा, साहेब. म्हातारीनं विकलं, हिनं घेतलं. मी खोटं बोलत असेन तर देव बघून घेईल."

त्याने देवाला मोठ्या बिनधास्तपणे मध्ये घातले. बायको तोंड उघडणार नाही, सुईण उघडणार नाही, गावातले कोणी उघडणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. ज्या रितीने पोराचा जीव राखायचा, तिचीच त्याने भिंत केली होती आणि मागे निवांत बसला होता. मी उलटसुलट विचारले, दरडावले, गोडीत घेतले. तो ढिम्म. शेवटी मी निघालो, तेव्हा तो हाताचा कोळसा पुसत मागे आला.

"साहेब, पोर पाहिलंत तुम्ही? अंगानं बरं आहे ना?"

मी वळून त्याच्याकडे पाहिले. तो इंजिनाकडे बघत होता.

"परक्याच्या पोराची इतकी काळजी?"

"माणुसकी म्हणून आपलं विचारलं," तो म्हणाला. मी ते मनात ठेवले. दुसरीला अजून मूल नव्हते, हेही मी चौकशीत ऐकले होते.

प्रांतसाहेबांचा मुक्काम तेव्हा कल्याणबाहेर एका आमराईत होता. मोठ्या तंबूत कोर्ट भरे. साहेब तरुण होता, विलायतेहून येऊन फार काळ झाला नव्हता, आणि परीक्षेसाठी शिकलेले पुस्तकी मराठी बोलत असे. माणूस वाईट नव्हता. तंबूत शिरस्तेदार, कारकून, पट्टेवाले, दोन वकील, बाहेर आपापल्या कामाला आलेले लोक दाटीने उभे. मिठागराचे अर्धे गावही आले होते. नवरा एका बाजूला, मामा पाटलाशेजारी. बाई पोराला कडेवर घेऊन मध्ये.

मी तपासाचा अहवाल सादर केला आणि तोंडी सांगितले, "साहेब, मूल चोरीचे नाही. आमच्यात अशी रीत आहे." मग ती रीत समजावली. सांगताना माझ्या लक्षात आले की शिरस्तेदार कागदांत डोके खुपसून बसले आहेत आणि कारकून तंबूच्या दोऱ्या मोजत आहेत. तिथल्या प्रत्येकाला ही रीत ठाऊक होती. एखाद्याच्या घरात एखादा दगडू खेळतही असेल. पण साहेबापुढे 'आमच्यात असे करतात' म्हणायची सगळ्यांना चोरी. चार बुके शिकलेल्या माणसाला आपल्या आजीची लाज फार लवकर वाटू लागते. मलाही वाटत होती, कान तापले होते. तरी मी पुढे होऊन नाकपुडीवर बोट ठेवले आणि म्हणालो, "साहेब, मीदेखील असाच विकत घेतलेला आहे."

मागे कोणीतरी फिसकन हसले.

साहेबाने माझे नाक नीट पाहिले. "फौजदार, माझा तुमच्यावर विश्वास आहे. परंतु तुमचे नाक हा या कामी पुरावा नव्हे. हे मूल या दोघांचे आहे असे कोणी तरी शपथेवर सांगितले पाहिजे."

सुईणीला बोलावले. ती म्हणाली, मी विकले. दुसरे अक्षर नाही. मग बाईला शपथ दिली.

"बाई, हे मूल आपण किती दाम देऊन खरेदी केले?"

"सूपभर कोंडा."

तंबूत हशा पिकला. नवराही हसला. बाईची मान खाली. ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. नवरा, सवत, पोराची भूक, सगळे या गर्दीपुढे उघडे करून झाले होते, आणि आता तिच्या भीतीवरही लोक हसत होते.

"हे मूल आपल्या पोटचे आहे काय?"

ती काहीच बोलली नाही. साहेबाने वाट पाहिली. मग लेखणी बुडवून तो हळू म्हणाला, "तर मग मला अर्ज नामंजूर करावा लागेल. आणि मुलाचे खरे आईबाप सापडेपर्यंत ते आश्रमात ठेवावे लागेल." शिरस्तेदारांनी तेच सोप्या भाषेत सांगितले. पट्टेवाला एक पाऊल पुढे आला.

बाईने पट्टेवाल्याकडे पाहिले. मग केरूचे डोके छातीशी धरले, एक कान आपल्या छातीला दाबला, दुसऱ्यावर तळहात घट्ट ठेवला. पोर गुदमरून हातपाय झाडू लागले. तिने सोडले नाही.

"सांगते," ती म्हणाली. "सांगते. ह्यो पोऱ्या..."

"नको! गप गो!"

नवऱ्याने अशी आरोळी ठोकली की बाहेरच्या बैलांनी माना वर केल्या. मामाला ढकलून तो पुढे आला होता. तेल लावलेले केस कपाळावर आले होते. "बोलू नको! दोन गेली तेवढी पुरं नाय झाली? ह्यालाबी घालवतेस का?"

रेल्वेतले शहरी बोलणे कुठल्या कुठे पळाले होते. पोर तिच्या हाताखाली रडत होते.

साहेबाने लेखणी खाली ठेवली. "मूल परक्याचे आहे, असे तुम्ही सांगितले. मग ही बाई काहीही बोलली तरी तुमचे काय जाते?"

त्याने एकदा मामाकडे पाहिले, पण मामा पागोटे सारखे करत होता. मग त्याने तोंडावर हात घेतले.

मी पुढे होऊन साहेबाला हळूच म्हणालो, "साहेब, त्याच्यानेही तोंडाने म्हणवणार नाही."

साहेब नवऱ्याकडे वळला. मग म्हणाला, "शब्दांची आवश्यकता नाही. मूल तुमचे असल्यास मान हलवा."

त्याने मान हलवली. हात तोंडावरच होते.

साहेबाने बाईकडे पाहिले. तिने मानही हलवली नाही. पदर घेतला आणि केरूच्या डोक्यावरून ओढला. साहेबाने तेवढे पुरे मानले आणि हुकूम लिहिला. दरमहा नेमणूक, नवऱ्याने कचेरीत आणून भरायची. चुकला तर जप्ती, तरीही न दिल्यास कैद. शिरस्तेदारांनी हुकूम वाचला. वाचताना त्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. बाहेर मघाशी हसलेले लोक एकमेकांकडे न बघता पांगले.

लोक म्हणाले, फौजदारांनी काम फत्ते केले. मला तसे मुळीच वाटले नाही. जे मूल ती घरच्या अंधारात स्वतःशीही 'माझे' म्हणाली नव्हती, त्याच्यासाठी आम्ही तिला भर तंबूत, हसणाऱ्यांच्या पुढ्यात, त्या काठावर आणून उभे केले होते. आणि तो बाप! त्याचा विचार माझ्या डोक्यातून जाईना. पोर मरू नये, एवढे त्याला मनापासून वाटत होते. पोर जेवावे, एवढे काही वाटत नव्हते. माया नसलेला बाप मी समजू शकतो. हा माया असलेला होता, आणि त्याच मायेच्या आडून त्याने पोराची भाकरी चुकवली होती. एक पुरुष म्हणून मला त्याची लाज वाटली, आणि ती का इतकी खोल गेली हे मला घरी गेल्यावर कळले.

आई तेव्हा माझ्याजवळच राहत असे. ती तांदूळ निवडत होती. मी शेजारी बसून सगळे सांगितले. ती निवडत राहिली. संपल्यावर एवढेच म्हणाली, "बोलली नाय ना ती?"

"नाही."

"बरं झालं." थोडे तांदूळ निवडून झाल्यावर ती पुन्हा बोलली. "तुझा बापबी असंच म्हनला असता, पोर घेतलेलं हाय म्हनून. कुनी इचारलं असतं तर."

माझे वडील मी अगदी लहान असताना परमुलखात गेले आणि तिकडेच वारले, असे मी आयुष्यभर ऐकत आलो होतो. हाताखालच्यांनाही तसेच सांगत आलो होतो.

"म्हणजे वारले नव्हते?"

"पलीकडच्याच गावात होते की. चांगले दोन बैल होते दारात." तिने सूप पाखडले. "मी कुठं गेलेच नाय. जायचं कुठं ते ठाव नव्हतं, आन कुठं गेलं तर तुला माजा म्हनावं लागलं असतं."

मी ज्या दिवशी पोलिसात लागलो आणि नाकातली बाळी काढली, त्या दिवशी ती गल्लीत घरोघर जाऊन सांगत फिरली होती, माझा मुलगा पोलिसात लागला म्हणून. मला तेव्हा तिची लाज वाटली होती. एवढे काय सांगायचे, असे मी म्हणालो होतो.

या प्रकरणाने मला शिकवले ते पोलिसाच्या कोणत्याही पुस्तकात नव्हते. अडचणीतली बाई दारात आली की तिला आधी आत बसवावे आणि कुठे जायचे ते सरळ सांगावे. पंचांकडे नको, मामलेदाराकडे नको, पहिल्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटकडे जा. पोराला घेऊन जा, बाप काय कमावतो ते सांग, आणि जे तोंडाने म्हणवत नसेल ते आधी मला सांग, मी साहेबांच्या कानावर घालतो. हे मी नंतर किती बायांना सांगितले याची मोजदाद नाही. सोपे होते. पण हे सांगायला कोणी नसल्यामुळे माझी आई कुठेच गेली नाही.

त्या आगवाल्याने नेमणूक भरली, अधूनमधून चुकवलीही. चुकवली की वॉरंट घेऊन मी स्वतः जात असे. ते काम मी शिपायावर कधी सोपवले नाही. तो मान वर करून बोलत नसे. पुढे माझी बदली ठाणे शहरात झाली.

बऱ्याच वर्षांनी काही कामासाठी मी तिथल्या प्रांत कचेरीत बसलो होतो. एक बाई आत आली. केस पांढरे झालेले, पाय मात्र तेच, मिठाने चिरलेले. तिच्या मागे एक उंच पोरगा. त्याच्या नाकात बाळी नव्हती, भोक होते. ती कारकुनाला म्हणाली की नेमणूक बंद करायची आहे, पोरगा आगरात कामाला लागला, आता नको. तिने मला ओळखले नाही. मी ओळख दिली नाही. मान खाली घालून ऐकत राहिलो.

कारकून नवा होता. त्याने अर्ज पुढे ओढला आणि विचारले, "हा तुझा कोण?"

"माजा मुलगा," ती म्हणाली. "माज्या पोटचा."

कचेरीतल्या चार माणसांनी वळून पाहिले, इतक्या मोठ्याने. कारकून लिहिता लिहिता म्हणाला, "ऐकलं, बाई. एकदा सांगितलंस की पुरे."

तिने पुन्हा सांगितले.